शून्य तक्रारी

३० ऑगस्ट, शुक्रवार

ओडाचा शेवटचा दिवस. बंदराजवळच्या वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं! मी फुलं घेऊन गेले. तिने घेतली, बादलीत ठेवली आणि पाठ फिरवून कांदा परतायला लागली. साडेदहा वाजले होते ना. साडेदहाला ती कांदा परतते, मग फुलं घेऊन राणी का येईना.

त्या घरात भिंतीवर घड्याळं पुष्कळ आहेत, पण निम्मी माणसं घड्याळ वाचायचं विसरली आहेत. कांद्याचा वास कॉरिडॉरभर गेला की एकेक दार उघडतं, काठ्या वाजायला लागतात, आणि बारापर्यंत सगळे टेबलाशी. कोणाला बोलवावं लागत नाही.

"सोमवारपासून कांदा कोण परतणार, तोवे?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

हाच प्रश्न तिने नगरपालिकेच्या या माझ्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत, मार्चमध्ये, विचारला होता. मी तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहिला आणि 'नंतर पाहू' या मोठ्या कागदावर चिकटवला. प्रत्येक बैठकीत भिंतीवर असा एक कागद लावायचा असतो — एका प्रश्नापायी सगळी गाडी अडू नये म्हणून. लोकांना बरं वाटतं, आपलं म्हणणं कुठेतरी चिकटलंय. तो कागद गुंडाळलेला माझ्या कपाटात आहे. नंतर पाहिला नाही.

मी तिला म्हणाले, "वासाचं काहीतरी करू." काय करणार होते मी? सायकलवरून घरी येताना वारा तोंडावर आणि डोळ्यांत पाणी. वाऱ्याने आलं असं म्हणायची सोय आहे इथे.

२ सप्टेंबर, सोमवार

जेवणाची गाडी सहा मिनिटं लवकर पोचली! चार वृद्धनिवासं, आजवर चार स्वयंपाकघरं, आता एकच मोठं, गावाबाहेर. शुक्रवारी शिजवलेलं, झटपट गार केलेलं, आज जागच्या जागी गरम करून वाढलेलं. रश्शाचं तापमान नियमाबरहुकूम. मी स्वतः थर्मामीटर घातला.

कारण खोटं नव्हतं, हे इथे लिहून ठेवते. स्वयंपाकी मिळत नाहीत. दोन घरांत गेल्या उन्हाळ्यात नर्सा बटाटे उकडत होत्या. काहीतरी करणं भागच होतं. आणि बंदराचं स्वयंपाकघर आत्ता नुसतं कुलूपबंद आहे, मोडलेलं नाही. तीन महिने प्रयोग, मग सुकाणू मंडळ ठरवणार — कायमचं की परत. चुली, कढया, हवा ओढणारं ते मोठं नळकांडं, सगळं जागच्या जागी आहे. हे मी सगळ्यांना सांगते. परतीची वाट ठेवली आहे.

बंदराच्या घरची तक्रारपेटी तिथल्या रहिवासी मंडळाच्या ताब्यात दिली. ही माझी कल्पना! वरून लादलं की माणसं पाय रोवतात, त्यांच्या हातात काही दिलं की चालू लागतात. दर शुक्रवारी मंडळाच्या अध्यक्षांनी पेटी उघडायची, कागद मोजायचे, मला कळवायचं. अध्यक्ष म्हणजे बाबा. मी प्रेबेनला आधीच विचारलं होतं, अध्यक्ष माझे वडील आहेत, चालेल का? प्रेबेन माझा वरिष्ठ, हसल्याशिवाय वाक्य सुरू करत नाही. "अगं, या गावात कोणाचाच कोणी नसलेला माणूस हवा असेल तर बोट घेऊन समुद्रात शोधावा लागेल."

किल्ली बाबांच्या पट्ट्याला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पण मच्छीमार सहकारी संघ वीस वर्षं चालवलेले. त्यांच्यामागे कोण कशाला मोजणार? आमच्याकडे असं मोजत नाहीत.

६ सप्टेंबर

बाबांचा फोन. "पेटी रिकामी." शून्य! हिरवा दिला.

(माझ्या अहवालात तीनच रंग. हिरवा म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे थांबा. दोन पानी अहवाल कोणी वाचत नाही, रंग सगळे बघतात.)

२७ सप्टेंबर, शुक्रवार

चौथा शुक्रवार. शून्य.

दुपारी बाबांकडे गेले. बाहेरच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. मंगळवार-शुक्रवार ते ओडाबरोबर बटाटे सोलायचे — एका बटाट्याची एकच लांब साल, मधे तुटली तर स्वतःवर चिडायचे. आता बटाटे सोललेलेच येतात. हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. यादीत कर्मचारी होते, नातेवाईक होते, पुरवठादार होते. बटाटे सोलणारा म्हातारा कुठल्या रकान्यात घालायचा?

"जेवण कसं आहे, बाबा?"

"वाईट नाही."

म्हणजे उत्तम! आमच्या या पश्चिम किनाऱ्यावर याच्या वर प्रशस्ती नाही. माझ्या लग्नाच्या जेवणालाही ते 'वाईट नाही' म्हणाले होते. (लग्नाला काय म्हणाले ते नको.)

मग त्यांनी बोटीवरचा जुना नियम सांगितला, शंभराव्यांदा. स्वयंपाकाला जो नावं ठेवील, दुसऱ्या दिवशी तोच चुलीपाशी! एकदा कोणीतरी घास तोंडात घालून ओरडला, "खारट! समुद्र ओतलाय की काय!" — आणि चटकन शहाणा होऊन म्हणाला, "पण मला असंच आवडतं." बाबा हसता हसता खोकले. मीही हसले. आता लिहिताना वाटतं, जरा थांबून विचार करायला हवा होता.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ओडाने काम सोडलं. तिला मोठ्या स्वयंपाकघरात जागा दिली होती, वजनकाट्यापाशी. डब्यात बटाटे इतके ग्रॅम, मांस इतके, पुढे सरक. सहा आठवडे टिकली.

मी फोन केला. वाटलं होतं बोलणार नाही, पण बोलली. "मला त्या डब्यांची तोंडं दिसत नाहीत गं. विलाझला साय लागते, तुझ्या बापाला रश्शात थोडा व्हिनेगर लागतो. डब्याला काय लागतं?"

मी म्हणाले, अजून एकही तक्रार नाही आली, ओडा.

"इथल्या माणसाचं घर पेटलं तरी तो म्हणेल, बरी ऊब आली. तू इथलीच आहेस ना? की नगरपालिकेत गेल्यावर विसरलीस?"

राग आला. तिचा नव्हे, खरं सांगायचं तर. पण तिच्यावरच काढला. 'बदलाला विरोध हा स्वाभाविक टप्पा असतो' — हे वाक्य मी तिला ऐकवलं! सत्तावीस वर्षं कांदा परतणाऱ्या बाईला! तिने फोन ठेवला नाही. मग मीच ठेवला.

१८ ऑक्टोबर

शून्य. हिरवा.

गंमत — सिसेलचा निरोप आला. ती बंदराच्या घराची मुख्य नर्स. तक्रारीचे कोरे कागद संपले म्हणते, आणखी पाठव. पेटीत काही नाही आणि कागद संपले? बाबांना विचारलं. "पत्त्यांचे गुण लिहितात त्यावर. विलाझ तर दोन्ही बाजूंनी लिहितो." म्हाताऱ्यांची हौस! पन्नास कागद पाठवले.

६ नोव्हेंबर, बुधवार

बाबांच्या पट्ट्याला नवं भोक. खिळ्याने पाडलेलं, वेडंवाकडं. मी विचारलं तर म्हणाले, चामडं सैल झालंय.

मी मान डोलावली. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणूस आटतोच, असं मनाशी म्हटलं आणि सायकलवर बसले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सिसेलने वजनांची यादी पाठवली. न मागता. अठ्ठावीसपैकी अकरा जणांचं वजन तीन महिन्यांत तीन किलोच्या वर उतरलंय. बाबा सहा किलो.

सोबत दोनच ओळी. 'बारा वाजता आता आम्ही दारोदार जाऊन जेवायला बोलावतो. जे येतात ते थोडं खातात आणि आभार मानून उठतात. तुला माहीत असावं म्हणून.'

यादी माझ्यासमोर आहे. पुढच्या बुधवारी सुकाणू मंडळ. यश कशावर मोजायचं ते मार्चमध्येच ठरलं होतं — तापमान, वेळेवर पोच, तक्रारी. वजन त्यात नाही. मधेच मोजपट्टी बदलायची नाही, हा पहिला धडा. मीच नवख्यांना शिकवते! नाहीतर ज्याला जे सोयीचं तो ते मोजतो.

पण मग हे अकरा जण कुठे लिहायचे?

२ डिसेंबर, सोमवार

यादी परिशिष्टात घातली. पान चौतीस. लपवली नाही. ठेवली आहे.

स्वतःशी लिहितानाही किती जपून लिहितेय मी.

४ डिसेंबर, बुधवार

सुकाणू मंडळ. चाळीस मिनिटांत आटोपलं. प्रेबेनने पडद्यावर बोट ठेवलं. "बंदराचं घर, तीन महिने, शून्य तक्रारी. शून्य! लोकहो, मी नगरपालिकेत बावीस वर्षं आहे. दिवाबत्तीचा खांब बदलला तरी सतरा पत्रं येतात." सगळे हसले. पान चौतीस कोणी उघडलं नाही. "काही प्रश्न?" असं मला विचारलं तेव्हा तोंड उघडलं होतं मी. शपथ. मग समोर कोणीतरी दालचिनीच्या वळ्यांची ताटली पुढे केली, आणि मी एक उचलली.

ठराव असा, की बंदराचं स्वयंपाकघर मोडायचं. १३ जानेवारीला माणसं येतील. त्या जागी व्यायामाची खोली.

प्रेबेनने पाठ थोपटली. घरी आले ते कोट न काढता खुर्चीत बसले.

१७ डिसेंबर, मंगळवार

बंदराच्या घरी ख्रिसमसचं जेवण, नातेवाइकांसह. मी बाबांशेजारी. पलीकडे विलाझ, जुना लोहार, हाताचे पंजे फावड्याएवढे. बदक, लाल कोबी, सगळं आलं, गरम होतं. मग तांदळाची गार खीर आणि वर गरम चेरी.

खिरीत एकच अख्खा बदाम असतो. ज्याला मिळेल त्याने गालात लपवायचा आणि चेहरा कोरा ठेवायचा. बाकीचे शोधत शोधत पोट टम्म होईतो खात राहतात, आणि खीर संपली की मग विजेत्याने बदाम दाखवायचा. बक्षीस मार्झिपान या मिठाईचं डुक्कर. बाबा यात पटाईत होते — माझ्या लहानपणी एकदा बदाम गालात ठेवून त्यांनी आख्खी प्रार्थना म्हटली होती, कोणाला पत्ता लागला नाही.

खीर संपली. डुक्कर टेबलाच्या मधे, लाल फीत बांधून. सगळे एकमेकांच्या गालांकडे बघताहेत. कोणी काही बोलेना. "कोण आहे तो चोर?" सिसेलने विचारलं. हशा. पुन्हा शांत. विलाझने बाबांकडे बघून डोळा मारला. बाबांनी माझ्याकडे. मी खांदे उडवले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कॉफी आली. डुक्कर तिथेच.

शेवटी एकेक उठला, "जेवणाबद्दल आभार" म्हणाला, काठी घेतली आणि खोलीत गेला. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याच्या गालात आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

बदाम नव्हताच.

सकाळी मोठ्या स्वयंपाकघराला फोन केला. तिथला मुलगा गोड बोलला. चारही घरांना एकच कृती, सुक्या मेव्याची कोणाला बाधा नको, शिवाय अख्खा बदाम घशात अडकण्याची जोखीम. "जोखीम-यादीत आहे की, क्रमांक एकोणीस. तुमचीच यादी ना?"

माझीच! लाल शाईने, ठळक.

अठ्ठावीस म्हातारी माणसं कोऱ्या चेहऱ्याने बसली होती आणि एकानेही म्हटलं नाही, अहो, यात बदाम नाही. माझे तीन महिन्यांचे हिरवे रंग डोळ्यांपुढे आले. दर शुक्रवारी मी तेच टेबल बघत होते. गप्प आहेत म्हणजे मिळाला असेल कोणाला तरी!

ओडा बरोबर होती. लाज वाटते. नुसती वाटते असं नाही, बसवत नाही एका जागी. तो गुंडाळलेला कागद कपाटातून काढला. पिवळी चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. 'कांदा कोण परतणार? — ओडा.' अक्षर माझं. शेजारी मी एक हसरा चेहरा काढला होता.

१९ डिसेंबर, गुरुवार

प्रेबेनकडे गेले. थांबवू या म्हणाले. फक्त बंदराचं, फक्त वसंतापर्यंत, ओडाला मी परत आणते.

तो हसला नाही, हे आधी लिहिते. त्याने दार लावलं. "तोवे, तू हिरवा दिलास. मी हिरवा पुढे नेला. आता परिषदेला काय सांगू? बदाम सापडला नाही म्हणून थांबा?"

वजनं, म्हणाले मी.

"परिशिष्टात होती ना? मग मंडळाने बघितली. थंडीत वजनं हलतात."

मग मी लेखी तक्रार करते, नातेवाईक म्हणून.

"प्रकल्पप्रमुखच तक्रार करणार? दोघांनाही घरी पाठवतील." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. त्याची आई चारांपैकी डोंगराकडच्या घरात आहे, हे मी विसरलेच होते. "ऐक. मला एक कागद आण. एकच. पेटीतून आलेला, रहिवाशाच्या हातचा, तारीख घातलेला. त्या एका कागदावर मी काम पुढे ढकलतो, माझ्या अधिकारात. पण शून्यावर मला काही करता येत नाही. शून्य तूच लिहिलंयस."

एक कागद. उद्या शुक्रवार, पेटी उघडायचा दिवस.

२० डिसेंबर, शुक्रवार

अकरालाच गेले. पेटी उघडी, रिकामी. बाबांनी सकाळीच उघडली म्हणे.

"काही आलं का, बाबा?"

"स्वच्छ आहे." आणि वर, "तुझं काम चोख चाललंय, पोरी." मला असं ते आजवर दोनदा म्हणाले असतील.

मी त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसले होते. सांगणार होते, बाबा, मला एक तरी हवा आहे हो, मनापासून हवा आहे. जिभेवर होतं. पण मीच नियम केला होता — प्रकल्पाच्या माणसाने रहिवाशांना तक्रारीबाबत काही सुचवायचं नाही, ना हो ना नाही. निकाल शुद्ध राहावा म्हणून! आणि दुसरं कारण जास्त खरं. त्यांच्यासमोर 'मी चुकले' म्हणायचं होतं, ते जमेना. सत्तावन्न वर्षांची आहे मी.

विलाझच्या दारावर टकटक केली. जेवण कसं असतं विचारलं. त्याने माझ्या खांद्यावरून मागे, कॉरिडॉरकडे बघितलं. "तुझ्या बापाला विचार," म्हणाला. "तो अध्यक्ष आहे."

विचारलंच होतं की.

३ जानेवारी

शून्य.

१३ जानेवारी, सोमवार

माणसं वेळेवर आली. चूल दोघांनी उचलून नेली. ती इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. नळकांडं काढताना आतून वर्षानुवर्षांचं तेलकट काळं पडलं, आणि — लिहायला नको होतं, पण लिहिते — क्षणभर कांद्याचा वास आला. जुना, खवट. दोन दारं उघडली. एक आजी काठी टेकत जेवणाच्या खोलीपर्यंत आल्या आणि टेबलाशी बसल्या. सकाळचे नऊ वाजले होते.

सिसेल त्यांच्याशेजारी जाऊन बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

टप्पा पूर्ण, असा शिक्का मारला मी संध्याकाळी.

२२ जानेवारी

बाबांना ताप. छाती भरली आहे. डॉक्टर म्हणतात, अंगात काही शिल्लकच नाही लढायला.

काळ्या पावाची पेज करून नेली, आईच्या पद्धतीने, वर साय. तीन चमचे घेतले. चौथ्याला डोळे मिटले. "वाईट नाही," म्हणाले. या वेळी मात्र मी विचारलं, म्हणजे चांगली की वाईट, बाबा? नीट सांगा! ते हसले फक्त.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबा पहाटे गेले. मी तिथे होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल पोचवलं. नंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी. ओडा आली होती. दोन मोठे केक घेऊन, न विचारता. मला वाटलं होतं येणार नाही. मी तिच्यापाशी गेले, म्हणाले, ओडा, माझं चुकलं, सगळंच. हॉलमध्ये बोलायची ही गोष्ट नव्हती, पण पुन्हा पिवळ्या चिठ्ठीवर टाकायची नव्हती.

तिने माझ्या हातात कप दिला. "आधी खा काहीतरी," म्हणाली. "तूही वाळलीस."

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रेबेनला प्रकल्पाचा समारोपाचा अहवाल हवा आहे. 'काय शिकलो' हे प्रकरण सक्तीचं असतं. बैल गेला नि झोपा केला, त्यावर आठ पानं.

या वेळी खरं लिहिलं. एक, हितसंबंधितांच्या यादीत बटाटे सोलणारे नव्हते. दोन, वास कोणी मोजला नाही. तीन, वजनं पान चौतीसवर टाकली, मी टाकली. चार, आमच्या किनाऱ्यावर माणसं तक्रार करत नाहीत, हे ठाऊक असताना तक्रारींच्या संख्येवर निर्णय टांगला. चौथ्यापाशी जरा बरं वाटलं. म्हणजे निदान दोष सगळ्यांचा झाला. स्वभावच तसा, करणार काय!

पाठवून दिलं. उद्या बाबांची खोली रिकामी करून द्यायची आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

खाटेशेजारचा खण. रेझर, आईचा फोटो, पेटीची किल्ली. खाली चार गठ्ठे, रबर लावलेले. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. माझे छापील कागद, भरलेले. त्रेचाळीस. 'वास येत नाही.' 'मांस दोरखंडासारखं.' 'ओडा कुठे आहे?' विलाझचेच सात. शेवटचा १७ डिसेंबरचा — 'खिरीत बदाम नव्हता.'

सप्टेंबरच्या तळाशी पहिल्या आठवड्यातला एक, बाबांच्या अक्षरात. 'रस्सा पातळ. बटाटे थंड. माझ्या मुलीला कळवू नये.'